चराचे घनफळ काढताना ‘तळ’ कोणता धरावा?

विहीरबागायत

नमस्कार. प्रश्न भूमितीचा आहे, पण तो आमच्या शेतात उभा राहिला, म्हणून आधी प्रसंग सांगते.

आमच्या खालच्या तुकड्यात पावसाचे पाणी साचते आणि पीक पिवळे पडते. म्हणून यंदा उन्हाळ्यात ओढ्यापर्यंत पाणी काढून देणारा एक चर जेसीबीने खणून घेतला. चराची लांबी २०० फूट, वरची रुंदी ४ फूट, खालची रुंदी २ फूट आणि खोली ३ फूट आहे. काठ ढासळू नयेत म्हणून दोन्ही बाजू सारख्याच तिरक्या ठेवल्या आहेत. पैसे तासावर न ठरवता खणलेल्या मातीच्या ब्रासवर ठरवले होते, म्हणजे दर १०० घनफुटांना ठरावीक रक्कम. ठेकेदाराच्या माणसाने ४ × ३ × २०० असा गुणाकार करून २४०० घनफूट, म्हणजे २४ ब्रास, असा हिशेब दिला.

मुलगी नववीत आहे. तिने वहीतले सूत्र काढले: चितीचे घनफळ = तळाचे क्षेत्रफळ × उंची. चराचा तळ २ फूट रुंद आणि २०० फूट लांब, म्हणून तळाचे क्षेत्रफळ ४०० चौरस फूट. त्याला ३ फूट खोलीने गुणून तिने १२०० घनफूट, म्हणजे १२ ब्रास, असे उत्तर काढले. एक उत्तर दुसऱ्याच्या बरोबर निम्मे आले आहे. दोन्ही बरोबर असू शकत नाहीत हे मला समजते, पण तिच्या सूत्रात चूक कुठे झाली हे मला तिला सांगता आले नाही.

तिच्या सरावाच्या उदाहरणात एक तंबूही आहे. त्याच्या दोन्ही तोंडांना त्रिकोण आहेत, त्रिकोणाचा पाया ६ फूट, दोन्ही तिरक्या बाजू ५-५ फूट, आणि तंबू ८ फूट लांब. तिथेही ‘उंची’ म्हणजे नेमके काय धरायचे यावर ती अडली. शिवाय आमच्याकडे शेततळे आहे: वरून ३० मीटर × ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंचा उतार १:१. तेही चितीच्याच सूत्राने मोजता येईल का? सूत्र काय आहे एवढेच नको आहे. ते तसे का आहे हे कोणी समजावून सांगितल्यास मुलीलाही वाचून दाखवेन.

खडूफळा

ताई, आपल्या मुलीने सूत्र अगदी बरोबर आठवले आहे. चूक ‘तळ’ या शब्दाने घडवली, आणि माझ्या शिकवण्याच्या वर्षांत ही चूक मी इतक्या मुलांच्या वह्यांत पाहिली आहे की तिचा दोष मी मुलांना देत नाही. आपण फळ्यावर चिती नेहमी उभी काढतो, तिचा तळ नेहमी खाली असतो, आणि मग मुलांच्या मनात ‘जमिनीला टेकलेले पृष्ठ म्हणजे तळ’ हा अर्थ घट्ट बसतो. भूमितीत त्या शब्दाचा अर्थ तसा नाही.

कोथिंबीरवडीचा उंडा सुरीने कापताना आपण पाहतो की सुरी एकाच दिशेने धरली, तर पहिल्या कापापासून शेवटच्या कापापर्यंत प्रत्येकाचा आकार सारखाच निघतो. ज्या घनाकृतीला अशी एखादी दिशा असते, की त्या दिशेला समांतर केलेला प्रत्येक छेद हुबेहूब सारखा आणि सरळ कडांचा येतो, ती चिती. तो वारंवार येणारा छेद म्हणजेच चितीचा तळ. तो खाली असेल, समोर असेल किंवा आडवा पडलेला असेल. चिती कशीही ठेवली तरी तो बदलत नाही. आणि सूत्रातली ‘उंची’ म्हणजे त्या दोन टोकांच्या तळांमधले लंबांतर होय, मग ते जमिनीलगत आडवे का असेना.

आता आपला चर पाहा. त्याला आडवा छेद दिला, म्हणजे लांबीशी काटकोनात, तर प्रत्येक ठिकाणी तोच समलंब चौकोन दिसतो: वर ४ फूट, खाली २ फूट, उंची ३ फूट. जमिनीला समांतर छेद दिला तर मात्र वरचा आयत ४ फूट रुंद आणि खालचा २ फूट रुंद, म्हणजे तो छेद खोलीप्रमाणे बदलत जातो. म्हणून चराचा जमिनीकडचा भाग हा भूमितीच्या दृष्टीने तळ नव्हेच. तळ म्हणजे तो समलंब चौकोन, आणि उंची म्हणजे २०० फूट. समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ (४ + २) ÷ २ × ३ = ९ चौरस फूट, आणि घनफळ ९ × २०० = १८०० घनफूट, म्हणजे १८ ब्रास. ठेकेदाराच्या माणसाने चराच्या दोन्ही बाजू उभ्या समजून वरची रुंदी खालपर्यंत नेली. मुलीने खालची रुंदी वरपर्यंत आणली. बाजूंचा उतार सरळ असल्यामुळे खरे उत्तर त्या दोहोंच्या बरोबर मध्ये आले आहे.

आपण ‘का’ विचारले याचा मला मनापासून आनंद झाला, कारण पाठ केलेले सूत्र आडवी चिती समोर आली की हातातून निसटते. इष्टिकाचितीपासून सुरुवात करू. ५ एकक लांब आणि ३ एकक रुंद अशा आयतावर एकक घनांचा एक थर लावला तर त्यात १५ घन बसतात, आणि असे ४ थर चढवले तर ६०. थरातील घनांची संख्या म्हणजेच तळाचे क्षेत्रफळ आणि थरांची संख्या म्हणजे उंची. सूत्राचा गाभा एवढाच आहे. तळ काटकोन त्रिकोण असेल, तर इष्टिकाचितीला कर्णावरून उभी चिरली की दोन अगदी सारख्या त्रिकोणी चिती मिळतात, म्हणून घनफळ निम्मे, आणि काटकोन त्रिकोणाचे क्षेत्रफळही आयताच्या निम्मेच असते. त्रिकोण कोणताही असला तरी त्याच्या सर्वांत मोठ्या बाजूवर समोरच्या शिरोबिंदूतून लंब टाकला की त्याचे दोन काटकोन त्रिकोण होतात. मोठीच बाजू घ्यायची, कारण विशालकोन त्रिकोणात लहान बाजूवरचा लंब त्रिकोणाबाहेर पडतो. आणि चौकोन, पंचकोन, षट्कोन किंवा आपला समलंब चौकोन हे सगळे त्रिकोणांतच तुटतात. प्रत्येक तुकड्याची उंची एकच असल्यामुळे ती बाहेर काढली की कंसात राहते ती सगळ्या त्रिकोणांच्या क्षेत्रफळांची बेरीज, म्हणजे पूर्ण तळाचे क्षेत्रफळ. मुलीला हे बटाट्याच्या चौकोनी तुकड्यावर सुरीने करून दाखवा. कागदावरच्या आकृतीपेक्षा ते लवकर पटते.

तंबूच्या उदाहरणात ‘उंची’ हा शब्द दोनदा येतो आणि तिथेच मुले फसतात. एक उंची त्रिकोणाची, दुसरी चितीची. त्रिकोणाच्या तिरक्या बाजू ५ फूट आहेत, पण त्या त्रिकोणाची उंची नव्हेत. शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला तर ६ फुटांचा पाया ३ आणि ३ असा दुभागतो, आणि पायथागोरसच्या प्रमेयाने लंब ४ फूट येतो. त्रिकोणाचे क्षेत्रफळ ६ × ४ ÷ २ = १२ चौरस फूट, चितीची उंची म्हणजे तंबूची लांबी ८ फूट, म्हणून घनफळ ९६ घनफूट. ५ ही संख्या उंची म्हणून वापरली तर १२० येते. आकृतीत तिरकी बाजू मोठ्या अक्षरात लिहिलेली असते, लंब मात्र आपण काढल्याशिवाय दिसत नाही, म्हणून ती चूक सहज घडते.

शेततळ्याबद्दल मात्र माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. ते चिती नाही. त्यात पुढचे कोणी प्रत्यक्ष कामावरचे सांगेल तर बरे.

ओळंबा

मी मातीकामाची मापे घेण्याच्या कामात बरीच वर्षे आहे, म्हणून शेततळ्याचे मी लिहितो.

आपण उतार १:१ सांगितला आहे, म्हणजे एक मीटर खाली गेल्यावर प्रत्येक बाजू एक मीटर आत येते. ३ मीटर खोलीवर चारही बाजू ३-३ मीटर आत येतात, आणि तळ २४ मीटर × २४ मीटर उरतो. वरचे क्षेत्रफळ ९०० चौरस मीटर, खालचे ५७६. कोणत्याही दिशेने छेद घेतला तरी तो सारखा राहत नाही, म्हणून खडूफळा यांचे म्हणणे बरोबर आहे: ही चिती नव्हे, आणि ३० × ३० × ३ = २७०० घनमीटर हा हिशेब चुकीचा आहे.

तरीही चितीचे सूत्र इथे कामाला येते, कारण शेततळे मनातल्या मनात कापून त्याचे तुकडे करता येतात. मधोमध २४ × २४ × ३ अशी इष्टिकाचिती आहे. तिचे घनफळ १७२८ घनमीटर. तिच्या चारही बाजूंना एकेक आडवी त्रिकोणी चिती टेकलेली आहे. तिचा छेद ३ मीटर पाया आणि ३ मीटर उंचीचा काटकोन त्रिकोण, म्हणजे ४.५ चौरस मीटर, आणि लांबी २४ मीटर, म्हणून प्रत्येकी १०८ आणि चार मिळून ४३२ घनमीटर. आता राहिले चार कोपरे. तिथे ना चिती आहे ना अर्धी चिती. तिथे ३ × ३ चा चौरस खाली जाताना एका टोकाला मिळतो, म्हणजे ती सूची आहे. सूचीचे घनफळ तेवढ्याच तळाच्या आणि तेवढ्याच उंचीच्या चितीच्या एकतृतीयांश असते, म्हणून ९ × ३ ÷ ३ = ९, आणि चार कोपऱ्यांचे ३६. एकूण १७२८ + ४३२ + ३६ = २१९६ घनमीटर. एका घनमीटरात १००० लिटर, म्हणजे काठोकाठ भरल्यास २१ लाख ९६ हजार लिटर. २७०० धरून चाललो असतो तर ५ लाख ४ हजार लिटर पाणी फक्त कागदावर राहिले असते. प्रत्यक्ष साठा यापेक्षाही कमी धरा, कारण तळे काठापर्यंत भरू देत नाहीत.

कामावर बरेच जण वरच्या आणि खालच्या क्षेत्रफळांची सरासरी घेऊन खोलीने गुणतात: (९०० + ५७६) ÷ २ × ३ = २२१४. दुसरे काही जण मधल्या खोलीवरची २७ × २७ ही मापे घेतात आणि २१८७ काढतात. पहिले उत्तर १८ ने जास्त, दुसरे ९ ने कमी. फरक कुठून आला हे वरच्या तुकड्यांवरून सरळ दिसते. मधली इष्टिकाचिती आणि कडेच्या त्रिकोणी चिती दोन्ही पद्धतींत अचूक मोजल्या जातात. बिघाड होतो तो फक्त कोपऱ्यांत. कोपऱ्यातल्या ३ × ३ × ३ = २७ या घनाचा तिसरा हिस्सा घ्यायचा असताना पहिली पद्धत अर्धा घेते आणि दुसरी चौथा. लहान तळ्यात हा फरक किरकोळ वाटतो. तळे जितके खोल आणि उतार जितका सपाट, तितके कोपरे मोठे आणि चूकही मोठी.

अचूक उत्तर एका ओळीत हवे असेल तर वरचे क्षेत्रफळ, खालचे क्षेत्रफळ आणि मधल्या क्षेत्रफळाची चौपट यांची बेरीज करून सहाने भागावी आणि खोलीने गुणावे: (९०० + ५७६ + ४ × ७२९) ÷ ६ × ३ = २१९६.

चराबद्दल एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. खणून बाहेर टाकलेली माती मोकळी होते आणि फुगते, म्हणून ढिगाऱ्याचे किंवा ट्रॉलीतले माप नेहमी खड्ड्यापेक्षा जास्त येते. १८ ब्रास हे खड्ड्याचे माप आहे. पैसे खड्ड्याच्या मापावर द्यायचे की वाहून नेलेल्या मातीच्या, हे आधी बोललेले असले पाहिजे.

जुनीपोथी

ओळंबा यांनी शेवटी दिलेला सहाने भागायचा नियम वाचून राहवले नाही, म्हणून लिहितो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, जी ११५० सालची आहे, खड्ड्यांच्या मापनाचे ‘खातव्यवहार’ नावाचे प्रकरण आहे आणि त्यात हाच नियम आहे. वरच्या मुखाचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ, आणि मुख व तळ यांच्या बाजूंची बेरीज करून मिळणाऱ्या आयताचे क्षेत्रफळ, या तिघांची बेरीज सहाने भागली की सरासरी क्षेत्रफळ मिळते. त्याला खोलीने गुणले की घनफळ. बाजूंची बेरीज म्हणजे मधल्या बाजूची दुप्पट, आणि दोन्ही बाजू दुप्पट झाल्या की क्षेत्रफळ चौपट होते, म्हणून मधल्या क्षेत्रफळाची चौपट घ्या किंवा बेरजेचा आयत घ्या, गोष्ट एकच आहे.

तिथले उदाहरणही एका विहिरीचे आहे, ज्यात उतरायला जागा असते तशा वापीचे: मुख १२ हात × १० हात, तळ त्याच्या निम्मा म्हणजे ६ × ५, आणि खोली ७ हात. मुखाचे क्षेत्रफळ १२०, तळाचे ३०, बेरजेच्या बाजू १८ आणि १५ म्हणून २७०. एकूण ४२०, भागिले ६ म्हणजे ७०, गुणिले ७ म्हणजे ४९० घनहस्त. क्षेत्रफळांची नुसती सरासरी घेतली असती तर ५२५ आले असते, आणि बाजूंची सरासरी घेतली असती तर ४७२.५. म्हणजे ओळंबा यांनी दाखवलेले दोन्ही फरक इथेही त्याच दिशांनी दिसतात. सूचीच्या आकाराचा खड्डा सारख्या खड्ड्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा असतो, हेही त्याच प्रकरणात आहे.

आणि आपल्या मुलीच्या सूत्रातला ‘चिती’ हा शब्दही तिथे भेटतो. खातव्यवहाराच्या पुढचे प्रकरण ‘चितिव्यवहार’, म्हणजे विटांच्या रचलेल्या ढिगांचा हिशेब. १८ अंगुळे (२४ अंगुळे म्हणजे एक हात) लांब, १२ रुंद आणि ३ उंच अशा विटांची ८ हात लांब, ५ हात रुंद, ३ हात उंच चिती रचली तर विटा किती, असा प्रश्न आहे, आणि उत्तर एकूण २५६० विटा, २४ थरांत रचलेल्या. इष्टिका म्हणजे वीट. इष्टिकाचिती हा शब्द उच्चारला की खडूफळा यांनी सांगितलेले थर त्यात आपोआप दिसायला हवेत.

विहीरबागायत

सर्वांचे मनापासून आभार. बटाट्याचे तुकडे करून झाले आणि मुलीला कोपऱ्यातली सूचीही कापून पाहायची होती, ती थोडी वेडीवाकडी आली पण समजली.

तिने आता पुढचा प्रश्न काढला आहे. आमचा तुकडा ओढ्याकडे उतरता आहे, २०० फुटांत जमीन साधारण ८ फूट खाली जाते. फीत आम्ही उतारावरूनच धरली होती आणि खोली मात्र ओळंबा सोडून उभी मोजली होती. मग चिती तिरकी झाली, तिचा छेद लांबीशी काटकोनात राहिला नाही. तिचे घनफळ त्याच सूत्राने येईल का?

खडूफळा

प्रश्न फार चांगला आहे, तिला माझी शाबासकी द्या. वीस सारख्या वह्यांची सरळ चळत रचा आणि मग ती एका बाजूला हळूहळू सरकवून तिरकी करा. एकही वही वाढली नाही की कमी झाली नाही, म्हणून घनफळ तेच राहिले. चळतीची टेबलापासूनची उंचीही तीच राहिली. लांबली ती फक्त तिरकी कड. म्हणून तिरक्या चितीलाही तेच सूत्र लागू पडते, मात्र उंची म्हणून तिरकी कड न घेता दोन तळांमधले लंबांतर घ्यायचे. सारख्या उंचीवरचे छेद सारख्या क्षेत्रफळाचे असतील तर घनफळेही सारखी, हा विचार इटलीच्या काव्हालिएरीने १६३५ साली ग्रंथरूपाने मांडला.

आपला छेद उभा मोजलेला आहे, म्हणून दोन टोकांच्या छेदांमधले लंबांतर म्हणजे आडवे अंतर, उतारावरचे नव्हे. उतारावर २०० आणि उतरण ८ असताना आडवे अंतर सुमारे १९९.८४ फूट येते, आणि घनफळात जेमतेम दीड घनफुटाचा फरक पडतो. आपल्या शेतात तो सोडून द्यावा. पण डोंगरउतारावर २०० फुटांत ५६ फूट उतरण असेल, तर आडवे अंतर १९२ फूट आणि घनफळ १८०० च्या ऐवजी १७२८ घनफूट होईल. तिथे सोडून देता येणार नाही. खोली उताराला काटकोनात मोजली असेल तर मात्र उतारावरचीच लांबी घ्यायची. दोन्ही मापे एका जोडीची असली पाहिजेत.

ओळंबा

यात एकच भर. चर २०० फूट सारखाच खणला गेला असेल असे धरू नका. दर ५० फुटांवर छेद मोजा, शेजारच्या दोन छेदांची सरासरी काढून ५० ने गुणा आणि चारही तुकड्यांची बेरीज करा. शेततळ्यात जी सरासरी मी चुकीची म्हटली, ती इथे चालते, कारण शेजारचे छेद एकमेकांच्या फार जवळचे आहेत.

विहीरबागायत

काल संध्याकाळी मुलगी, मी आणि ठेकेदाराचा माणूस असे तिघांनी मिळून पाच ठिकाणी मोजले. ओढ्याकडून सुरुवात करून छेदांची क्षेत्रफळे ९, ९.३, ८.७, ९.३ आणि ९ चौरस फूट आली. चार तुकड्यांची बेरीज १८१५ घनफूट झाली, म्हणजे १८.१५ ब्रास. त्याच्या २४ च्या हिशेबात दोन्ही बाजू उभ्या धरल्या गेल्या होत्या, हे समलंब चौकोन काढून दाखवल्यावर त्याने लगेच मान्य केले आणि १८.१५ ब्रासचेच पैसे घेतले. पुढच्या कामासाठी त्याने (वरची रुंदी + खालची रुंदी) ÷ २ × खोली हे मुलीकडून कागदावर लिहून नेले आहे.